स्मूदनिंग बंद केलं, पुढे काय? ठाण्यातल्या कुरळ्या केसांचा हिशोब

ज्यांनी स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग, म्हणजे पार्लरमध्ये रसायनं लावून केस सरळ करून घेणं, थांबवलंय आणि आता आरशात वरून कुरळं, खालून सरळ असं काहीतरी भलतंच दिसतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला त्या काळात प्रॉडक्ट्सची माहिती ढिगाने मिळाली, रील्सचं तर विचारूच नका, पण पार्लरमध्ये जाऊन नेमकं काय बोलायचं, किती पैसे जातात, किती थांबावं लागतं हे ठाण्यात राहणाऱ्या कोणीच सांगितलं नाही. म्हणून तारखा आणि रकमांसकट लिहितेय. बिलं मी जपून ठेवते, का ते पुढे येईलच.

केस जन्मापासून कुरळे. शाळेत आई तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची त्यात सगळं झाकलं जायचं, कॉलेजात वेण्या गेल्या आणि 'मॅगी' हे नाव चिकटलं, आणि नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी स्मूदनिंग करून घेतलं ते मग दरवर्षीचंच झालं. त्याबद्दल मला पश्चात्ताप वगैरे काही नाही हं. घोडबंदरहून बस पकडून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, असा सकाळचा प्रकार असताना दोन मिनिटात केस आवरून होतात यात सुखच होतं.

शेवटचं स्मूदनिंग जानेवारी २०२४ मध्ये झालं, स्टेशनजवळच्या एका सलॉनमध्ये. ६५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ७६७०. बिलात 'लेंथ मिडियम, डेन्सिटी हाय' असं लिहिलेलं, म्हणजे केस दाट आहेत म्हणून जास्त पैसे. (पातळ केसवाल्यांना कधी डिस्काउंट मिळाल्याचं ऐकलंय का कोणी?) क्रीम लावून बसवलं, मग धुतलं, मग एकेक पातळ थर घेऊन त्यावरून इस्त्री फिरवायला सुरुवात झाली आणि जो धूर निघाला त्याने माझे डोळे चुरचुरायला लागले. करणाऱ्या मुलीचा मास्क हनुवटीवर होता. मी म्हटलं ताई वर घ्या ना तो, तर म्हणाली, "सवय झाली मॅडम, दिवसाला दोन-तीन होतात." माझं वर्षातून एकदा, तिचं रोज. ते तेव्हा डोक्यात कुठेतरी राहिलं.

मार्चमध्ये माझ्या फार्मा कंपनीतल्या मैत्रिणीने एक बातमी पाठवली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या बाईची केस आली होती, २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली, दरवेळी उलट्या, ताप, पाठदुखी. त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक अॅसिड होतं. आता ही एकच केस, मी डॉक्टर नाही, लाखो लोक करतात आणि ठणठणीत असतात, हे सगळं मलाही कळतं. पण आधी केस सरळ करणाऱ्या क्रीम्समधल्या फॉर्मल्डिहाइडवरून ओरड झाली (कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसी या जागतिक संस्थेने त्याला ग्रुप १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय), म्हणून कंपन्यांनी 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' माल काढला, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी हे अॅसिड आलं. हे वाचल्यावर मला निदान बाटलीवर काय लिहिलंय ते बघावंसं वाटलं.

जुलैत मुळं चांगली बोटभर कुरळी आली होती, मी सलॉनला फोन केला. "मॅडम, अपना वाला फॉर्मलिन-फ्री है, टेन्शन मत लो." (फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं तेच फॉर्मल्डिहाइड.) म्हटलं, बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का. दोन दिवसांनी एक हललेला फोटो आला, झूम करून करून वाचला तर तिसऱ्या-चौथ्या नावाला ग्लायऑक्सिलिक. मी अपॉइंटमेंट घेतलीच नाही. काही मोठा निर्णय वगैरे नव्हता तो, नुसती पुढे ढकलली आणि ढकलतच राहिले.

इथे एक गोष्ट सांगते जी मला आधी कळली असती तर बरं झालं असतं. केस सरळ करणारी रसायनं काम करतात ती बाहेर आलेल्या केसावर. रिबॉन्डिंगमध्ये तर केसाच्या आतले सल्फरचे बंध तोडून, इस्त्रीने सरळ करून, दुसऱ्या लोशनने परत जोडतात. पण केस कुरळा होतो तो कातडीखालच्या मुळाच्या वाकड्या ठेवणीमुळे, तिथे यातलं काही पोचत नाही. म्हणजे नवीन येणारा केस कुरळाच येणार आणि रिबॉन्डिंगचा जुना केस कुठल्याही तेलाने, मास्कने, कांद्याच्या रसाने परत कुरळा होणार नाही, तो कापावाच लागणार. केराटिन ट्रीटमेंटमध्ये केसावर बसवतात तो लेप हळूहळू उतरतो असं म्हणतात, माझ्यावर मात्र इतक्या वर्षांची पुटं होती की फारसं काही उतरलं नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला जेमतेम पंधरा. आता आपापलं गणित करा. मी केलं आणि कॅल्क्युलेटर बंद करून चहा टाकला.

पहिला पावसाळा सगळ्यात वाईट गेला, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. कुरळा आणि सरळ भाग जिथे जुळतो तिथेच केस तुटतात, फणी लावली की तिथेच गुंता. त्यात ठाण्याची जुलैची हवा. हवेतलं पाणी केसात शिरतं, केस फुगतो, आणि ग्लिसरीनवाली क्रीम्स लावली तर हवेतून अजूनच ओढून घेतो. प्रॉडक्टच्या पाठी पहिल्या पाच नावांत ग्लिसरीन असेल तर ते जून ते सप्टेंबर कपाटात ठेवा, डिसेंबरात काढा. ऑफिसमध्ये एका सीनियरने अगदी प्रेमाने विचारलं की क्लायंट येणारेत, जरा केस विंचरून येशील का. विंचरूनच आले होते, तोच तर प्रॉब्लेम होता. कुरळे केस कोरडे विंचरले की फुगणारच, ते न्हाताना कंडिशनर लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या फणीने किंवा सरळ बोटांनी सोडवायचे आणि मग पुढच्या न्हाणीपर्यंत फणी दाखवायची नाही. आईला हे अजून पटलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये म्हटलं किमान नीट कट तरी करून घेऊ. एका मॉलमधल्या मोठ्या सलॉनच्या रेटकार्डवर 'कर्ली कट' लिहिलं होतं, १२०० अधिक जीएसटी, १४१६. बसल्या बसल्या स्टायलिस्टने केस हातात घेऊन तोंड वाकडं केलं, "बहुत ड्राय है मॅडम." मग शॅम्पू, मग ओले केस बारीक फणीने खसाखसा ओढत विंचरले, चापून चोपून सरळ केले आणि सरळ केसांचा लेयर कट असतो तसा कापला. कापताना चार वेळा केराटिनचं विचारलं. मी नको म्हटलं की मिनिटभर गप्प, मग "बोटॉक्स कर लो, वो तो ट्रीटमेंट है." (केसांना लावतात ते, चेहऱ्याचं इंजेक्शन नव्हे.) वाळल्यावर बघते तर डोक्यावर चपट आणि कानाखाली पसरलेला त्रिकोण. ओला केस ताणला जातो, वाळला की आवळून वर जातो, आणि प्रत्येक ठिकाणचं कुरळेपण वेगळं, माझ्या मानेवरचे घट्ट, कपाळाजवळचे नुसते लाटा लाटा. त्यामुळे ओले असताना एका रेषेत कापलेलं वाळल्यावर एका रेषेत राहत नाही. हे त्या माणसाला माहीत नसेल तर रेटकार्डावर काहीही लिहा. वर म्हणाला, "ब्लो ड्राय करके देता हूँ, अच्छा लगेगा." म्हणजे सरळ करूनच घरी पाठवायचं.

तक्रार करावीशी वाटली, पण केली नाही. दोन कोटींच्या हेअरकटची बातमी आठवत असेल ना? २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिल्लीच्या एका हॉटेलच्या सलॉनला चुकीचा कट केल्याबद्दल २ कोटी भरपाई द्यायला सांगितली होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढ्या रकमेला पुरावा कुठे आहे असं म्हणत तो आकडा रद्द करून प्रकरण परत आयोगाकडे पाठवलं. तर आपल्यासाठी त्यातलं घेण्यासारखं एवढंच की बिल घ्या, आधीचा नंतरचा फोटो काढा, आणि केमिकलने टाळू भाजणं, पुरळ येणं असं काही खरंच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कच्च्या कागदावर पेनने लिहिलेला आकडा हातात असेल तर कोण ऐकणार.

यानंतर कितीतरी महिने मी मोठ्या सलॉनच्या वाटेलाच गेले नाही. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक छोटं लेडीज पार्लर आहे, आयब्रोजला मी तिथेच जाते. तिथल्या ताईंना विचारलं, कुरळे कापता येतात का हो. त्या म्हणाल्या, "नाही गं, खोटं कशाला सांगू, मला कुरळ्याचा शेप जमत नाही. पण खालचा सरळ भाग थोडा थोडा काढून देते, तेवढं जमेल." अख्ख्या प्रवासात मला मिळालेलं सगळ्यात कामाचं उत्तर हेच. २५० रुपये, वीस मिनिटं, आणि केराटिनचं नाव नाही. हिवाळाभर मी दर दीड-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे बोटभर सरळ भाग कापून घेत गेले. माझं मत विचाराल तर या मधल्या काळात महागड्या कटवर पैसे घालूच नका, शेप येणारच नसतो, साधं ट्रिम बास. एकदम सगळा सरळ भाग कापायची हिंमत असेल तर तो मार्ग सगळ्यात सोपा, माझी नव्हती.

घरात याच काळात जवसाच्या जेलचे प्रयोग. जांभळी नाक्यावरून पाव किलो जवस आणले, चाळीस रुपयांच्या आसपास. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं आणि चमच्याने तार सुटायला लागली की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच जुन्या सुती ओढणीतून गाळायचं. थांबलात तर गाळलं जात नाही, ओढणी वाया जाते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, नंतर वास येतो. आई म्हणाली, जवसाची चटणी करायची सोडून डोक्याला काय फासतेस. लावायचं ते केस ठिबकत असतानाच, खालून वर मुठीत दाबत दाबत, मग टॉवेलऐवजी जुन्या टीशर्टने टिपायचं. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतात, तिथे घाबरून लगेच धुवायचे नाहीत, पूर्ण वाळल्यावर हाताला तेलाचे दोन थेंब लावून चुरायचे की मऊ होतात. बाजारातलं जेल घ्यायचं तर आता फिक्स माय कर्ल्स, कर्ल अप असे भारतातलेच ब्रँड आहेत. माझा सल्फेट नसलेला शॅम्पू, कंडिशनर आणि जेल मिळून साधारण पंधराशे जातात आणि दोन-अडीच महिने पुरतात.

मार्च २०२५ पासून केस परत राठ व्हायला लागले. तेच शॅम्पू, तेच जेल, तरी चिकट, निर्जीव. वाटलं मेट्रोच्या कामाची धूळ, घोडबंदरला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मग एप्रिलमध्ये नेरुळला मावशीकडे चार दिवस राहिले, तिथे न्हाले आणि केस असे सुटले की मावसबहीण म्हणाली काय लावलंस. काहीच लावलं नव्हतं, पाणी वेगळं होतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पालिकेचं पुरत नाही म्हणून टँकर आणि बोअरवेल. बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं, मग वरून कितीही कंडिशनर लावा, आत जाणार कुठून.

यावर मला जे उपयोगी पडलं ते असं. महिन्यातून एकदा किलेटिंग शॅम्पू, म्हणजे ज्यात ईडीटीएसारखं काहीतरी असतं जे हे क्षार पकडून बाहेर काढतं, आणि न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओचं पाणी. पाण्याची नासाडी म्हणून आधी जीवावर आलं, मग आरओमधून जे पाणी वाया जातं त्याने लादी पुसायला सुरुवात केली, जरा बरं वाटलं. शॉवरला लावायचे ते फिल्टर सोसायटीत बऱ्याच जणींनी घेतलेत, दीड-दोन हजारांचे. ते क्लोरीन आणि गाळ कमी करतात, जडपणा त्याने जात नाही, त्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो. पाणी जड आहे का बघायचं तर बाटलीत अर्धं पाणी, दोन-चार थेंब लिक्विड सोप, जोरात हलवा. फेस न होता वर साय धरल्यासारखं गढूळ झालं तर समजा.

ऑगस्ट २०२५ पर्यंत कुरळा भाग खांद्याजवळ आला आणि आता मात्र खरा कट हवा होता. यावेळी जायच्या आधी फोनवरच प्रश्न विचारायचे असं ठरवलं. केस कोरडे कापता की ओले? कापायच्या आधी विंचरता का? नंतर ब्लो ड्राय करता की डिफ्यूझर (ड्रायरची हवा पसरवणारं तोंड) आहे? तुम्ही कापलेल्या कुरळ्या केसांचा, सरळ न केलेला, पाठमोरा फोटो आहे का? ठाण्यातल्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या प्रश्नालाच "आप आ जाओ मॅडम, देख लेंगे" असं उत्तर मिळालं. देख लेंगे म्हणजे नाही समजायचं. शेवटी वाशीला फक्त कुरळे केस करणारी एक बाई सापडली.

तिचा प्रकार म्हणजे छोटा पासपोर्टचा अर्जच. ऑनलाइन फॉर्म, त्यात समोरून, बाजूने, मागून असे फोटो, शेवटचं केमिकल कधी, मेंदी लावता का, तेल किती वेळा, थायरॉइड आहे का, गोळ्या चालू आहेत का. मग यूपीआयने १००० अॅडव्हान्स, अपॉइंटमेंटला ४८ तासांहून कमी उरले असताना रद्द केलं तर परत नाही. कटचे ३५००, जीएसटी वेगळा. माझा जीव वरखाली झाला, पण स्मूदनिंगच्या निम्मे, आणि वर्षातून एकदा-दोनदाच. फॉर्म भरला ऑगस्टच्या शेवटी, तारीख मिळाली शनिवार, ११ ऑक्टोबर. या थांबण्यात एक फायदा झाला, २२ सप्टेंबरपासून सलॉनवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला, त्यामुळे ४१३० ऐवजी ३६७५ लागले. शॅम्पूवरचाही तेव्हाच कमी झाला. तिने स्वतःहून नवा दर लावला, पण तुम्ही बिलावर एकदा नजर टाका, काही जण मूळ किंमतच वाढवून ठेवतात.

सूचना अशा की आदल्या दिवशी न्हाऊन या, तेल नको, क्लिप नको, रबर नको, केस मोकळे सोडून या, आणि कॉलरवाला किंवा टोपीवाला ड्रेस घालू नका. शनिवारी सकाळच्या वाशी लोकलमध्ये केस मोकळे सोडून उभं राहणं म्हणजे शेजारणीच्या तोंडात जाणार नाहीत ना याचीच काळजी. लेडीज डब्यात एका काकूंनी विचारलंच, "पर्म केलंय का गं?"

खुर्चीत बसल्यावर तिने पंधरा-वीस मिनिटं कात्री उचललीच नाही. एक बट घेतली, टोकाला धरून खाली ओढली ती कॉलरबोनच्या खाली गेली, सोडली तर टपकन कानाच्या पाळीशी. "इतकं आवळतात तुझे, आता कळलं ना मागच्या वेळी काय झालं?" मग स्प्रेने तीच बट भिजवली. वरचा भाग गोळा झाला आणि खालचा दोन बोटं भाग दोऱ्यासारखा लोंबत राहिला. तिथे, बरोबर त्या सांध्यावर, तिने कापलं. अशी एकेक बट, भिजव, बघ, काप. मी मनातल्या मनात हे पार्लरच्या ताईंना सांगायला पाठ करत होते. नंतर धुणं, जेल, डिफ्यूझर, सगळं मिळून तीन तास लागले. मध्ये एक कागद आला, फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला संमती, मी तेवढ्यावर 'नाही' लिहिलं आणि तिने काही कटकट केली नाही. आपल्याला नाही म्हणता येतं, हे लक्षात ठेवा.

खाली पडलेले केस बघताना रडू वगैरे येईल असं वाटलं होतं, भूक लागली होती फक्त. मागचा आरसा धरला तेव्हा मात्र मी जरा जास्तच वेळ बघितलं.

सगळं आता सरळसोट झालंय असं नाही. नऊच दिवसांनी नरक चतुर्दशी, पहाटे आईने डोक्यावर तेल थापलं, ते काढायला दोनदा शॅम्पू करावा लागला आणि फराळाला मी ओल्या केसांनी गेले. लग्नात अजून कोणीतरी म्हणतंच की सरळ होते तेव्हा छान दिसायचीस. रोज सकाळी पाण्याचा स्प्रे मारून बटा जाग्यावर आणायला वेळ जातो, आणि बस चुकते.

जानेवारीत टोकं काढायची होती. वाशीची पुढची तारीख मार्चची मिळत होती, म्हणून बिल्डिंगमागच्या ताईंकडेच गेले आणि त्यांना ते भिजवून बघायचं दाखवलं. त्यांनी दोन बटा माझ्याकडून कापून घेतल्या, मग कात्री काढून घेतली आणि पुढचं स्वतः केलं. मागून थोडं वरखाली आहे, मला चालतंय. आता त्यांच्याकडे चौथीतली एक कुरळ्या केसांची मुलगी पण याच पद्धतीने कापून घेते. माझ्याकडून ३०० घेतले, पन्नास वाढवले कारण वेळ जास्त लागतो म्हणाल्या. जीएसटी नाही, त्यांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे.